न फोडता वाचलेला शंख

ओहोटी लागली की खारदांड्याचा खडकाळ किनारा उघडा पडतो. कोळीवाड्याच्या होड्या चिखलात टेकतात आणि खडकांच्या खाचांतून बारीक शंख, कालवे, शिंपले दिसू लागतात. सुटीच्या दिवशी फिरावयास आलेली मुले रिकामे शंख खिशात भरतात. घरी पोहोचल्यावर ते एखाद्या डब्यात पडतात आणि विस्मरणात जातात. त्या डब्यात समुद्राचा हिशेब पडून आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

शंखातील जीव आपले घर कधी बदलत नाही. शरीर वाढते तसा तो पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन कवचाच्या मुखाशी नवे थर घालतो. टोकाशी त्याचे बालपण असते आणि मुखाशी शेवटचे दिवस. जैन परंपरेने द्वीन्द्रिय गणलेल्या या लहानशा जीवाचा संपूर्ण जन्म असा एका वस्तूत नोंदलेला राहतो. ही नोंद वाचण्यासाठी पूर्वी शंख कापावा किंवा घासावा लागे. वही एकदा वाचली की संपली. दुसऱ्या कोणाला ती पडताळून पाहता येत नसे.

क्ष-किरण सूक्ष्मचित्रणाने ही अडचण दूर केली. रुग्णालयातील सीटी स्कॅनमध्ये यंत्र रुग्णाभोवती फिरते. येथे बहुधा नमुनाच हळूहळू फिरवला जातो. प्रत्येक कोनातून एक, अशा शेकडो छाया टिपल्या जातात. कवच जेथे जाड व घट्ट, तेथे किरण अधिक अडतात. या सर्व छाया जुळवून संगणक शंखाची त्रिमित प्रतिमा उभी करतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके बारकावेही त्यात मोजता येतात आणि शंख जसाच्या तसा राहतो. १९८२ साली लंडनमधील जिम इलियट व डोव्हर यांनी या पद्धतीची पहिली चित्रे प्रसिद्ध केली, तीही एका लहान गोगलगायीच्या कवचाची होती.

पद्धतीचे खरे मोल २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने प्रशांत महासागरातून आणलेली फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचे लंडनच्या संग्रहालयात जपलेली होती. ‘तारा’ नौकेने अलीकडे गोळा केलेल्या त्याच जातींच्या कवचांशी त्यांची तुलना करण्यात आली. नवी कवचे सरसकट पातळ निघाली. एका जातीत तर ७६ टक्क्यांपर्यंत. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्राचे पाणी अधिक आम्लधर्मी होत आहे, हे त्याचे एक संभाव्य कारण. तापमान व प्राणवायू यांतील बदलांचाही त्यात वाटा असू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी ते नमुने जपणाऱ्यांना क्ष-किरण ठाऊकही नव्हते. रंटगेन यांचा शोध १८९५ सालचा. त्यांनी केवळ स्थळ आणि दिनांक काळजीपूर्वक लिहून ठेवला होता.

भारतातही इंदूर येथील ‘इंडस-२’ या केंद्रात क्ष-किरण चित्रणाची सोय आहे. परंतु यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी नोंद नसलेल्या नमुन्यातून काळाची तुलना करता येत नाही. शिवाय न फोडता म्हणजे निर्दोष, असेही नव्हे. क्ष-किरणांची मोठी मात्रा जिवंत प्राण्यास अपायकारक ठरते. म्हणून रिकामी कवचे व पूर्वीचे संग्रह हेच या अभ्यासाचे उत्तम भांडवल होय.

किनाऱ्यावरील जिवंत प्राणी जागच्या जागी राहू द्यावेत. प्रवाळ व काही जातींच्या शंखांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यांना हातही लावू नये. मात्र घरात शंखांचा एखादा जुना डबा असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून त्यात एक चिठ्ठी अवश्य ठेवावी: कोठला किनारा, कोणते वर्ष. ज्यांनी ते शंख वेचले, त्यांची आठवण शाबूत आहे तोवरच हे काम होऊ शकते.