चर्चगेटच्या नावामागची वर्गणी

सुरतेहून मुंबईस जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या तोंडी चर्चगेट हे नाव नित्याचे असते. पण ज्या चर्चवरून ते पडले त्याची कथा सुरतेच्याच वखारीत सुरू होते, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

जेराल्ड ऑन्जिअर हा इंग्रजांच्या सुरत वखारीचा अध्यक्ष. शिवाजी महाराजांची १६७० ची सुरतेवरील दुसरी स्वारी त्याच्याच कारकिर्दीतली. मुंबई बेटाचे शहर करावयाचे तर भर वस्तीत एक प्रार्थनामंदिरही हवे, हे त्याने मनावर घेतले. वर्गणी जमली, पाया पडला, भिंती चढू लागल्या. १६७७ मध्ये ऑन्जिअर सुरतेतच वारला आणि काम थंडावले. जमलेल्या पैशाला पुढे पाय फुटले, असे जुने लेखक सांगतात. सुमारे चाळीस वर्षे त्या अर्ध्या भिंती उघड्यावर उभ्या होत्या. वर्गणी देऊन बसलेल्यांना रोज त्यांवरून जावे लागत असेल!

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री मुंबईत आला. त्याने प्रवचनातून अधिकाऱ्यांना व व्यापाऱ्यांना जागे केले, नव्याने यादी फिरविली, आणि १७१८ च्या नाताळात सेंट टॉमस चर्चचे दार उघडले. कोटाच्या ज्या वेशीतून तेथे जाता येई ती चर्चगेट. पुढे १८६० नंतर तट पडले, वेसही गेली; चर्चजवळच्या मोकळ्या मैदानाभोवती एकसारख्या कमानींच्या इमारतींचे एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, उभे राहिले.

आम्हांस मात्र इमारतीपेक्षा कॉबची दुसरी करणी मोठी वाटते. १७१९ मध्ये त्याने चर्चच्या आश्रयाने धर्मार्थ शाळा काढली. मुले बारा, गुरुजी एक. राहणे, जेवण, कपडे, सारे दानातून. त्या दानाचे वर्तुळ अरुंद होते; आपल्या लोकांच्या मुलांना त्यात जागा नव्हती, हे विसरून चालणार नाही. परंतु १८१५ मध्ये ही शाळा बॉम्बे एज्युकेशन सोसायटीकडे आली, आणि एतद्देशीयांच्या शाळा व पुस्तके यांसाठी त्या सोसायटीने १८२० मध्ये नेमलेली समिती १८२२ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे, बाळशास्त्री जांभेकर ही माणसे तिच्याच कामात वाढली. छत्र्यांचे ‘बाळमित्र’ १८२८ चे. मराठी गद्याच्या अभ्यासकाला हा धागा मागे नेत नेत एका चर्चच्या वर्गणीपाशी पोचताना मौज वाटते, थोडा संकोचही वाटतो.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या जुन्या सभागृहांच्या पुनर्बांधणीची बोलणी निघाली, की चौरस फुटांचा हिशेब आधी होतो. वाचनालयाला आणि मुलांच्या वर्गाला किती खोल्या, हे शेवटच्या बैठकीत, तेही चहा आल्यावर. वर्गणीच्या पावतीवर मात्र ‘शिक्षणकार्यासाठी’ असे छापलेले असते. जागा मोक्याची असेल तर हे आधी लिहून घ्यावे, असे आमचे मत आहे.

मूळची धर्मार्थ शाळा कोटातून भायखळ्यास गेली, तिची एक शाखा १९२५ मध्ये देवळालीस. आणि मुंबईत शिकून आलेले दुर्गाराम मेहता १८२६ च्या सुमारास आपल्या सुरतेत सरकारी गुजराती शाळेचे गुरुजी झाले. १८४४ मध्ये येथे मानवधर्म सभा स्थापणारे ते हेच.