काळाची चाळण कोणाच्या हातीं?

जें खरोखर चांगलें असतें तें टिकतें. जें टिकत नाहीं तें टिकण्याच्या योग्यतेचेंच नसतें, हें सूत्र वाङ्मयाच्या आणि संगीताच्या चर्चेंत इतक्या निर्धास्तपणें उच्चारलें जातें कीं, त्याला कोणीं पुरावा मागितला तर मागणाराच अरसिक ठरावा! काळ ही एक चाळण आहे, ती आपोआप हलत राहते, आणि शेवटीं तींत वर राहतें तेवढेंच सत्त्व, अशी ही श्रद्धा आहे. घरीं ज्यानें पीठ चाळलें असेल त्याला ठाऊक असतें कीं, चाळणींत वर राहतो तो कोंडा. टिकलेलें सर्व कोंडाच असतें असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु ज्यांच्या साऱ्या सिद्धान्ताचा डोलारा एका उपमेवर उभा आहे, त्यांनीं ती उपमा तरी एकदां स्वयंपाकघरांत जाऊन तपासून घ्यावयास हवी होती.

या श्रद्धेचें खरें बळ तिच्या सोयींत आहे. ती मान्य केली कीं टीकाकाराचे ऐकण्याचे श्रम वाचतात. प्रसिद्धांची यादी पाठ केली म्हणजे त्याचें काम संपलें. ही श्रद्धा किती पोकळ आहे हें दाखविण्यासाठीं आम्ही एक दूरचें उदाहरण घेणार आहों. तें अमेरिकेच्या राजधानीचें आहे आणि पंक नांवाच्या संगीताचें आहे. हें संगीत आमच्या पुष्कळ वाचकांस कर्णकटु वाटेल. वाटो. ज्याचा आवाज आपणांस गोड लागत नाहीं त्यालाहि न्याय मिळाला पाहिजे, एवढें मान्य असलें म्हणजे पुढील मजकुरास पुरे.

वॉशिंग्टन शहरांत १९८० सालाच्या अखेरीस टीन आयडल्स नांवाचा एक बँड मोडला. वाजविणारीं मुलें विशीच्या आंतलीं. बँडचें आयुष्य सुमारें एका वर्षाचें. कार्यक्रमांतून सहाशें डॉलरांच्या आसपास रक्कम साठली होती. ती आपसांत वांटून घेण्याऐवजीं तिच्यांतून आपल्या गाण्यांची एक तबकडी काढावी असें मुलांनीं ठरविलें. इयन मॅके, जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेचेक या तिघांनीं त्यासाठीं डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स हें नांव धारण केलें आणि ‘मायनर डिस्टर्बन्स’ ही आठ गाण्यांची लहान तबकडी हजार प्रतींत काढली. तिचीं वेष्टनें घरींच कात्रीनें कापून, दुमडून, चिकटवून तयार केलीं. या साऱ्या हकीकतींत एक गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तबकडी बाहेर पडली त्या वेळीं तो बँड अस्तित्वांतच नव्हता. ज्यांचा पुढें एकहि कार्यक्रम व्हावयाचा नाहीं त्यांची तबकडी काढण्यांत कोणता व्यापार साधणार? आपण जें केलें त्याची खूण राहावी, एवढाच तिचा हेतु होता. या संस्थेचा जन्मच मुळीं एका संपलेल्या बँडच्या स्मरणार्थ झाला.

पुढेंहि संस्थेची रीत तीच राहिली. बँड घ्यावयाचे ते वॉशिंग्टनच्या आसपासचे, ओळखीपाळखीचे. लेखी करार करावयाचे नाहींत. किंमत परवडेल अशी ठेवावयाची आणि पुष्कळदां ती वेष्टनावरच छापावयाची. २००२ सालीं संस्थेनें आपल्या वीस वर्षांच्या कामगिरीचा तीन तबकड्यांचा संच काढला, तेव्हां त्यांत सुमारें पन्नास बँडांना स्थान मिळालें. पन्नास! आणि आज परदेशी संगीतावर लिहिणारा सामान्य टीकाकार डिस्कॉर्डचें नांव निघतांच दोन नांवें सांगून मोकळा होतो: मायनर थ्रेट आणि फुगाझी. पहिला बँड १९८० ते १९८३ पर्यंत टिकला, दुसऱ्यानें १९८७ पासून पुढें पंधरा वर्षें रंगभूमि गाजविली. इयन मॅके दोहोंतहि होता. या दोघांची थोरवी आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु तुकोबांचें नांव घेतांना चौदा टाळकऱ्यांचा उल्लेख करण्याची आपल्याकडे रीत आहे. येथें तर अठ्ठेचाळीस जणांना एका फटक्यासरशी पुसून टाकलें जातें, आणि पुसणारा पुन्हां न्यायाधीशाचा आव आणतो!

या पुसलेल्यांपैकीं कांहींची आठवण निघते हें खरें. पण ती कशी निघते तें पाहावें. स्टेट ऑफ अलर्ट हा बँड आठवावयाचा, तो पुढें ब्लॅक फ्लॅगमध्यें गेलेला हेन्री रॉलिन्स तेथें गात होता म्हणून. राइट्स ऑफ स्प्रिंग आठवावयाचा, तो पुढें ‘इमो’ नांवानें पसरलेल्या संगीताचा मूळपुरुष म्हणून. स्क्रीम आठवावयाचा, तो डेव्ह ग्रोल १९९० सालीं निर्व्हानांत जाण्यापूर्वीं तेथें ढोल वाजवीत होता म्हणून. वस्तुतः स्क्रीमचा ‘स्टिल स्क्रीमिंग’ हा आल्बम १९८३ सालचा. ग्रोल तेव्हां त्या बँडमध्यें आलेलाच नव्हता. एकाच बँडचा पूर्ण लांबीचा आल्बम म्हणून डिस्कॉर्डनें काढलेला हा पहिला. पण हें सांगण्याची गरज कोणाला? अमक्याचा बाप किंवा तमक्याचा थोरला भाऊ एवढ्याच नात्यानें ज्याला ओळखावयाचें त्याची वंशावळींत नोंद होते. त्याचें स्वतःचें गाणें न ऐकलेलेंच राहतें.

आतां ज्यांना अशी वंशावळहि लाभली नाहीं त्यांच्याकडे वळूं. मेरिलंड राज्यांतील कोलंबिया गांवचा व्हॉइड हा बँड घ्या. १९८२ सालीं निघालेल्या एका तबकडीची एक बाजू फेथ या बँडची आणि दुसरी व्हॉइडची. फेथचें वादन आंखीव, नेटकें. व्हॉइडचें ऐकतांना गाणें आतां कोसळणार, आतां कोसळणार अशी धास्ती सारखी वाटत राहते, आणि तें कोसळत नाहीं. गिटार तालाच्या पुढें धांवते, किंचाळते, वाट सोडते आणि नेमकी शेवटीं परत येते. वेगाच्या या संगीतांत धास्तीला रसाची पदवी देणारे फार थोडे झाले; व्हॉइड त्यांतला एक. मग तो विसरला कां गेला? त्यानें दुसऱ्या आल्बमचें मुद्रण केलें होतें, पण तो आल्बम बाजारांत आलाच नाहीं आणि बँड मोडला. अर्ध्या तबकडीवर कीर्ति उभी राहत नाहीं. या बँडच्या जुन्या मुद्रणांचा संग्रह डिस्कॉर्डनें काढला तो २०११ सालीं, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनीं. या तीस वर्षांत गाण्यांचा गुण वाढला नाहीं कीं घटला नाहीं. दुकानांत तबकडी आहे कीं नाहीं एवढाच काय तो फरक होता. या फरकाला ‘काळाचा निवाडा’ म्हणावयाचें काय?

दुसरें उदाहरण फायर पार्टीचें. चार स्त्रियांचा हा बँड १९८६ ते १९९० या काळांतला. गायिका एमी पिकरिंग ही वॉशिंग्टनच्या पंक मंडळींना नवी नव्हती. १९८५ सालीं हें सारें वातावरण मारामाऱ्यांनीं आणि तोचतोपणानें विटून गेलें असतां, ‘क्रांतीचा उन्हाळा’ येत आहे अशा निनांवी चिठ्ठ्या परिचितांना धाडून ज्यांनीं मंडळींना पुन्हां जागें केलें त्यांत ती अग्रभागीं होती. त्याच उन्हाळ्यांत या मुलांनीं दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर ढोल बडवून वर्णद्वेषी राजवटीचा निषेध केला. फायर पार्टीच्या तबकड्या दोन, १९८८ आणि १९८९ सालच्या. त्यांत आरडाओरडीपेक्षां ताण अधिक. स्वर उंच जातो तो आधीं पुष्कळ वेळ आवरून धरल्यानंतर. पण पंकमधील स्त्रियांचा इतिहास लिहिणारे बहुधा १९९१ सालच्या ‘रायट गर्ल’ चळवळीपासून आरंभ करतात. फायर पार्टी एक वर्ष आधींच संपली होती! चळवळीला नांव मिळण्यापूर्वीं जें घडतें तें इतिहासाच्या प्रकरणांत बसत नाहीं, आणि जें प्रकरणांत बसत नाहीं तें घडलेंच नाहीं असें मानण्याची सवय लागते. त्या स्त्रियांचा अपराध एवढाच कीं त्या वेळेच्या आधीं आल्या.

यावर कोणी म्हणेल कीं हे सारे अल्पायुषी बँड. दीर्घ काळ नेटानें काम करणाऱ्यास यश मिळतेंच. या आक्षेपास लंगफिश हेंच उत्तर. बाल्टिमोरचा हा बँड २००५ सालापर्यंत पंधरा वर्षांहून अधिक काळ काम करीत होता आणि त्याचे बहुतेक आल्बम डिस्कॉर्डनेंच काढले. गिटारीचा एकच चरण घ्यावयाचा आणि गाणें संपेपर्यंत तोच घोळवावयाचा, ही त्याची पद्धति. वर डॅनिएल हिग्ज एखाद्या प्रवचनकाराच्या आवेशानें शब्द टाकीत जातो. पहिल्या मिनिटाला कंटाळा येतो, तिसऱ्या मिनिटाला तो चरण अंगांत भिनूं लागतो. एकच नाम तासन्‌तास घोळविणाऱ्या दिंडीच्या मागून जो चालला असेल त्याला यांतलें मर्म समजावून सांगावें लागणार नाहीं. पण टीकाकाराला पहिल्या मिनिटानंतर थांबावयास सवड नसते. म्हणजे अल्पायुषी असावें तर आयुष्य आडवें येतें, दीर्घायुषी असावें तर टीकाकाराची घाई आडवी येते. आणि दोन्हीं वेळां दोष मात्र गाणाऱ्याचा!

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फुगाझीच्या तबकड्या खपल्या म्हणूनच संस्था जगली आणि इतरांच्या तबकड्याहि उपलब्ध राहिल्या. तेव्हां प्रसिद्धांचे उपकार मानावेत, तक्रार कशाची? उपकार आम्ही मानतोंच. पण या युक्तिवादाचा रोख नीट पाहिला तर तो आमच्याच बाजूला येतो. जे प्रसिद्ध होते त्यांना स्वतःला आपल्या शेजाऱ्यांच्या गाण्यांची एवढी किंमत वाटत होती कीं, ज्यांच्यापासून पैशाची फारशी आशा नव्हती अशांच्याहि तबकड्या ते काढीत राहिले. हे टीकाकार मॅकेला थोर म्हणतात आणि त्याचाच अभिप्राय ऐकून घेत नाहींत!

पन्नासांपैकीं पन्नास बँड थोर होते असा आमचा मुळींच दावा नाहीं. कांहींचें वादन कच्चें आहे, कांहीं दुसऱ्याचें अनुकरण करण्यांतच संपले, आणि कांहींचा सारा जोर वेगांत आहे. तसें ऐकून ठरल्यास आमची हरकत नाहीं. ऐकून टाकाऊ ठरविणें ही टीका होय. न ऐकतां टाकाऊ ठरविणें ही केवळ आळसाला दिलेली भारदस्त पदवी होय.

काळ कांहींच निवडीत नाहीं. निवडतात तीं माणसें. कोणीतरी मुद्रणाची फीत जपून ठेवतो, कोणीतरी ती पुन्हां छापण्यास पैसे घालतो. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयानें २०१४ सालीं त्या शहरांतील पंक संगीताचा स्वतंत्र संग्रह उघडला, तबकड्यांबरोबर हस्तपत्रकेंहि जमविण्यास आरंभ केला, तें काळानें सुचविलें म्हणून नव्हे. कांहीं माणसांना तें अगत्याचें वाटलें म्हणून. चाळण हलविणारे हात असे ओळखीचे असतात, आणि टीकाकाराचा हात त्यांतलाच एक आहे. तो हात झटकून, जबाबदारी काळावर ढकलून, वर निःपक्षपातीपणाचा मान मिळवूं पाहणें हें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. ज्याला डिस्कॉर्डविषयीं लिहावयाचें असेल त्यानें दोन नांवांनंतर थांबूं नये. व्हॉइडची ती एक बाजू, फायर पार्टीच्या त्या दोन तबकड्या आणि लंगफिशचा एखादा आल्बम तरी शेवटपर्यंत ऐकावा, आणि मग जो निवाडा द्यावयाचा तो स्वतःच्या सहीनें द्यावा.