पायाला फोड येणे ही भक्तीची पावती नव्हे

चैत्र लागला की आपल्या खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेले जथे रस्त्यावर दिसू लागतात. धुळेकर लळिंग, आर्वी, पुरमेपाडा, झोडगे करत मालेगाव गाठतात आणि पुढे देवळा, कळवण, नांदुरी मार्गे गड. जळगावकरांना त्याआधी एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंतचे नव्वदेक किलोमीटर तोडावे लागतात. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा हा यात्रेचा काळ, म्हणजे नेमका आपल्याकडे पारा ४० च्या वर जाण्याचा काळ. आणि दरवर्षी यात्रा संपली की माझ्या दवाखान्यात एकच तक्रार रांगेने येते: तळपायाचे फोड. कुणाचे सुकत आलेले, कुणाचे फुटून चिघळलेले, कुणाचे काळे पडलेले.

यात्रेला माझा विरोध नाही. दिवसाला २५-३० किलोमीटर चालू शकणाऱ्या माणसाचे हृदय आणि फुप्फुसे कशी आहेत हे मला तपासावे लागत नाही. माझे भांडण आहे ते फोडांभोवती आपण जी समजूत उभी केली आहे तिच्याशी. "फोड तर येणारच", "फोड आले म्हणजे आईने चालणे मान्य केले", "काय व्हत नही डाक्टर, आईनी वाट शे." हे बोलणारी माणसे प्रेमळ आहेत, पण बोलणे चूक आहे. फोड अटळ नसतो. तो घर्षणाचा हिशेब आहे, आणि बहुतेक वेळा तो घरून निघण्याआधीच चुकलेला असतो.

आधी फोड होतो कसा ते पाहू. आपल्याला वाटते चप्पल घासते, कातडी सोलते आणि फोड येतो. तसे नाही. पाऊल पडते तेव्हा आतले हाड पुढे सरकते, पण वरची कातडी घामाने चपलेला किंवा मोज्याला चिकटून जागच्या जागी राहते. मधला थर ताणला जातो. एका पावलाने काही होत नाही. पण २५ किलोमीटर म्हणजे तीस हजारांहून जास्त पावले. तो ताण हजारो वेळा पडला की बाह्यत्वचेच्या आतच एक चीर पडते आणि त्या पोकळीत पाणी भरते. तोच पाणफोड. म्हणून तो टाचेवर, चवड्यावर आणि बोटांच्या कडेला येतो, जिथे कातडी जाड आहे आणि खाली हाड आहे. हाताच्या मागच्या पातळ कातडीवर तो असा येत नाही, ती नुसती सोलते.

यात दोन गोष्टी कळीच्या आहेत. एक म्हणजे ओल. अगदी कोरडी कातडी घसरते, चिंब ओलीही घसरते, पण घामाने दमट झालेली कातडी सर्वांत जास्त चिकटते. दुसरी गोष्ट सवय. रोज थोडा थोडा ताण पडलेली कातडी जाड आणि चिवट होते. अचानक ताण पडलेली फाटते.

इथे नेहमीचा प्रतिवाद येतो: "आमचे आजोबा अनवाणी गडावर जायचे, त्यांना कुठे फोड आले?" जायचे, खरे आहे. पण तुमचे आजोबा वर्षाचे बाराही महिने अनवाणी किंवा कातडी वहाणेत शेतात चालत होते. त्यांचा तळवा हाच त्यांचा बूट होता. आणि ते चालत होते मातीच्या गाडीवाटेवरून, झाडांच्या सावलीने. तुम्ही वर्षभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा ऑफिसच्या खुर्चीत मोजे-बूट घालून बसता, घरात फरशीवर सपाता घालता, आणि चैत्रात एके सकाळी चप्पल काढून मुंबई-आग्रा महामार्गाच्या डांबरावर पाय ठेवता. हवा ४२ अंश असते तेव्हा उन्हातले डांबर ६० अंशांच्या पुढे जाते. त्यावर येतो तो घर्षणाचा फोडसुद्धा नव्हे, तो भाजल्याचा फोड. आजोबांची परंपरा पाळायची तर आजोबांची तयारीही पाळावी लागेल.

नवसाचा अर्थ लावणारा मी कोणी नाही. पण अनवाणी जाण्याचा नवस असलेल्या अनेक जाणत्या लोकांनी स्वतःच काढलेली वाट मी पाहिली आहे: महामार्गावर पादत्राण, नांदुरीला चप्पल काढायची आणि गडाची चढण, पायऱ्या अनवाणी. त्यांचा नवस अपुरा राहिला असे कोणी म्हटल्याचे ऐकले नाही.

आता सेवाशिबिरांबद्दल. वाटेवर जागोजागी मंडप असतात. चहा, ताक, केळी, खिचडी, आणि एका टेबलावर "मोफत वैद्यकीय सेवा". करणाऱ्यांची भावना सोन्यासारखी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण टेबलावर काय असते? मलम, दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या, आणि सुई-दोरा. सगळी तयारी फोड आल्यानंतरची. फोड येऊ नये म्हणून पहिल्या मुक्कामाच्या आधी कुणी पाय तपासले, पट्ट्या लावल्या, असे शिबिर मला अजून दिसलेले नाही. बॅनरवर छापायला "किती रुग्णांवर उपचार" हा आकडा बरा दिसतो. न आलेल्या फोडांचा आकडा छापता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

त्या टेबलावरच्या दोन वस्तूंना माझा ठाम आक्षेप आहे. सुई-दोरा, म्हणजे फोडातून दोरा ओवून तो आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहते. पाणी झिरपते हे खरे. पण त्याच दोऱ्यावरून रस्त्यावरची धूळ आणि घाणही आत जाते. बंद फोडाचे छत ही शरीराने स्वतः लावलेली निर्जंतुक पट्टी आहे, आणि आपण तिच्यात वात घालून ठेवतो. त्यात एकच सुई दहा जणांना वापरली जात असेल तर मग बोलायलाच नको. कावीळ ब आणि क सुईवरून पसरतात.

दुसरी वस्तू वेदनाशामक गोळी. डायक्लोफेनॅकसारखी गोळी खाऊन माणूस दुखऱ्या पायावर आणखी २० किलोमीटर चालतो, म्हणजे दुखापत वाढवतो. वर उन्हात पाणी कमी प्यालेले असते. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडावर घाव घालू शकतात. साठीच्या पुढच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला टेबलावरून न विचारता ही गोळी देणे म्हणजे सेवा नव्हे.

फोडाला हलके समजू नका, असे म्हटले की लोक हसतात. १९२४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता बूट चढवून टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात पसरला आणि आठवडाभरात मुलगा गेला. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, आज आहेत. पण ती ज्याच्यापर्यंत वेळेत पोचतात त्यालाच उपयोगी पडतात, आणि "यात्रा पूर्ण करूनच दाखवू" म्हणणाऱ्यापर्यंत ती वेळेत पोचत नाहीत.

यात सर्वांत जास्त धोका मधुमेहींना आहे, आणि माझा राग खरा तर इथे आहे. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. निरोगी माणसाला फोड होण्याआधी चटका लागल्यासारखी जागा जाणवते, तो थांबतो. बधिर पायाच्या माणसाला ती जाणवतच नाही. तो चालतच राहतो, डांबरावर भाजले तरी चालतो, आणि सोबतचे म्हणतात, "बघा, आईची कृपा, काकांना काही त्रास नाही." त्रास नाही हाच तर आजार आहे. रात्री मोजा काढल्यावर रक्त दिसते तेव्हा कळते. अशा फोडाची जखम महिनोन्महिने भरत नाही, आणि त्यातून बोट किंवा पाऊल कापण्याची वेळ येऊ शकते.

घरच्या घरी एक सोपी चाचणी करा. मधुमेही माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना तुमच्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. स्पर्श कळला की त्याने "डावा" किंवा "उजवा" सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर ते पाय धोक्यात आहेत. अशा माणसाने डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय पायी निघू नये, आणि अनवाणी तर कधीच नाही. त्यांना गाडीने गडावर न्या. आता वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे.

बाकीच्यांनी काय करावे? होळी झाली की चालायला लागा. पहिल्या आठवड्यात रोज तीन-चार किलोमीटर, मग वाढवत दहा-बारापर्यंत, आणि ज्या पादत्राणात यात्रा करायची त्याच पादत्राणात. यात्रेसाठी आदल्या दिवशी नवे कोरे बूट घेणाऱ्यांना मी हात जोडतो. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय सुजतो, आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. आपल्याकडच्या रुंद चवड्याच्या पायांना निमुळता बूट नकोच, मागे पट्टा असलेली मऊ तळव्याची सँडल अनेकांना जास्त मानवते. स्लिपर नको. ती पायात टिकवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात आणि अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. बायकांनी जोडवी सैल आहेत ना ते पाहावे. तिसऱ्या दिवशी सुजलेल्या बोटात रुतलेले जोडवे काढणे किती अवघड असते ते मला विचारा.

सुती मोजे चांगले ही समजूतही सोडा. सूत घाम शोषते आणि धरून ठेवते. खेळाडू वापरतात ते घाम बाहेर टाकणारे कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. पातळ मोज्यावर दुसरा मोजा घातला तर घर्षण दोन मोज्यांत होते, कातडीत कमी. दर दोन तासांनी बसा, पाय उघडे करा, मोजे बदला, ओले मोजे पिशवीला टांगून वाळवा. व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळून निघणाऱ्यांना सुरुवातीला बरे वाटते, पण काही तासांनी घर्षण उलट आधीपेक्षा वाढते. पावडरचा घामात चिखल होतो. घाम रोखणारे ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण अमेरिकी लष्करी छात्रांवर वापरून पाहिले होते. २१ किलोमीटरच्या चालीत फोड ४८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले, पण निम्म्याहून जास्त मुलांच्या पायांची आग झाली. म्हणून ते मी सरसकट सांगत नाही.

सांगतो ती साधी कागदी चिकटपट्टी, मेडिकलवर मायक्रोपोर म्हणून मिळते ती. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २५० किलोमीटरच्या शर्यतीतल्या १२८ धावपटूंवर ती तपासली आणि २०१६ साली निकाल छापला: पट्टी लावलेल्या जागी फोडांचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी. त्याच गटाच्या २०१४ च्या अभ्यासात मात्र फायदा दिसला नव्हता, तेव्हा ही जादू नाही हेही सांगायला हवे. पण ती स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, आणि काढताना कातडी ओढून नेत नाही. तुम्हाला दरवेळी जिथे फोड येतो तिथे, पाय धुऊन पूर्ण कोरडे करून, सुरकुती न पाडता एकच थर लावा. वाटेत चटका जाणवला की "पुढच्या मंडपात बघू" म्हणू नका. तिथेच बसा आणि लावा. एका फ्लेक्स बॅनरच्या खर्चात अशा पट्टीचे कितीतरी रोल येतात, हे मंडळांनी एकदा मोजून पाहावे. ते पहिल्या मुक्कामावर वाटा, शेवटच्या नाही.

पहाटे चारला निघून नऊपर्यंत चाला, मग थेट संध्याकाळी. मात्र अंधारात महामार्गावर पाठीला चमकणारी पट्टी हवीच, ट्रकवाल्याला भगवा झेंडा दिसत नाही.

एवढे करूनही फोड आला तर? लहान आणि न दुखणारा असेल तर फोडू नका, पट्टी लावून झाका. मोठा, ताणलेला, पाऊल टेकू न देणारा असेल तर साबणाने हात-पाय धुवा, मेडिकलवरून नवी सीलबंद इंजेक्शनची सुई आणा, फोडाच्या कडेला खालच्या बाजूने एक-दोन छिद्रे पाडा, स्वच्छ कापडाने दाबून पाणी काढा. वरची कातडी कापू नका, ओढू नका. ती तशीच बसवून पट्टी बांधा. पाणी पुन्हा भरले तर पुन्हा काढा. सुई टाकून द्या. चुना, टूथपेस्ट, तंबाखूची राख यातले काहीही लावू नका. मधुमेहींनी आणि भाजून आलेल्या फोडाला हे घरी करायचे नाही. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवत नसेल तर निघण्याआधीच घ्या.

आणि फोडाभोवती लाली पसरू लागली, पाण्याऐवजी पू दिसला, पायावर लाल रेघ वर चढली, जांघेत अवधाण आले किंवा थंडी वाजून ताप आला, तर यात्रा तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. मालेगाव, देवळा, कळवण तिन्ही वाटेवरच आहेत.