नोंदवहीतल्या मायलेकी

मा. कुलगुरू,
श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, मुंबई



माझी आजी, माझी आई आणि मी, तिघीही आपल्या विद्यापीठाच्या पदवीधर. आजी पुण्यात शिकली, आई आणि मी मुंबईत. मी चर्चगेटला ग्रंथालयशास्त्र शिकले आणि त्याच विद्येवर निवृत्तीपर्यंत नोकरी केली. तिघींची प्रमाणपत्रं आज माझ्याकडे एकाच फायलीत आहेत. ती फाईल परक्या माणसाच्या हातात दिली तर त्याला वाटेल, तीन वेगळ्या घरांची कागदपत्रं चुकून एकत्र लागली आहेत. तिघीही लग्नाआधी शिकलो, त्यामुळे तिन्ही कागदांवर तीन आडनावं. आजीचं माहेर वेगळं, आईचं वेगळं, माझं वेगळं. पण नातं तर सख्खं, आईकडून लेकीकडे आलेलं.

पुरुषांच्या घराण्यांचं तसं होत नाही. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली सुरू झालं. आजोबा, वडील, मुलगा असे तिघेही तिथे शिकलेली घरं पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांची नावं एकाखाली एक लिहिली की घराणं आपोआप डोळ्यांपुढे येतं, कोणी सांगावं लागत नाही. महिला विद्यापीठात मात्र उलट. आई आणि मुलगी दोघी लग्नाआधी शिकल्या तर आडनावं जुळत नाहीत, दोघी लग्नानंतर शिकल्या तरीही जुळत नाहीत. आई लग्नानंतर शिकली आणि लेक लग्नाआधी, तरच दोघी एका आडनावाखाली सापडतात. सासू-सून दोघी लग्नानंतर शिकल्या असतील तर त्यांची नावं मात्र शेजारीशेजारी येतात आणि वाचणाऱ्याला त्या मायलेकी वाटतात. म्हणजे स्त्रियांच्याच विद्यापीठात स्त्रियांची परंपरा शोधायला गेलं की हाती लागते ती सासरची वंशावळ.

आपल्या विद्यापीठाचा इतिहासच या अडचणीचा दाखला आहे. विद्यापीठ स्थापणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली ज्यांच्याशी पुनर्विवाह केला, त्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई. माहेरच्या जोशी, पहिल्या लग्नाने नातू, पुढे आनंदीबाई कर्वे आणि सगळ्यांच्या बाया. लेखिका मालतीबाई बेडेकर माहेरच्या बाळूताई खरे. त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकल्या. १९३३ साली त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने, आणि बेडेकर हे आडनाव त्यांना मिळालं १९३८च्या लग्नानंतर. एकाच बाईची तीन नावं. कर्व्यांच्या सूनबाई इरावतीबाईंनी १९३१ ते १९३६ या काळात आपल्या विद्यापीठाच्या प्रशासनात काम केलं. त्या माहेरच्या करमरकर. त्यांच्या लेकी जाई निंबकर आणि गौरी देशपांडे. करमरकर, कर्वे, निंबकर, देशपांडे ही चार आडनावं एका ओळीत वाचून कोणाला कळेल की इथे एक आई आणि तिच्या दोन मुली आहेत? त्या नामवंत होत्या म्हणून आपल्याला माहीत आहे. ज्या नामवंत नव्हत्या, त्यांचं काय?

याउलट र. पु. परांजपे आणि त्यांच्या कन्या शकुंतलाबाई. दोघंही केंब्रिजला गणित शिकले. वडील १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. मुलगी तिथे शिकली तेव्हा त्या विद्यापीठात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी मिळत नव्हती, ती मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. तरी ही बापलेकीची जोडी कोणालाही पटकन ओळखू येते, कारण शकुंतलाबाईंनी परांजपे हेच नाव राखलं आणि पुढे त्यांच्या लेकीने, सईंनीही. असं फार थोड्या घरांत झालं.

मी ग्रंथपाल म्हणून काम केलं आहे, आणि आमच्या कामात यावर साधा उपाय असतो. तालिकेत ‘शिरूरकर, विभावरी’ काढलं तर तिथे लिहिलेलं असतं, ‘हेही पाहा : बेडेकर, मालती’. तसंच उलट. वाचक कोणत्याही नावाने आला तरी त्याला त्या लेखिकेची सगळी पुस्तकं मिळतात. कोणतं नाव खरं आणि कोणतं खोटं हा वाद तालिका घालत नाही, ती फक्त नावं एकमेकांना जोडून देते. आपल्या पदवीधरांच्या बाबतीत एवढंच करा, अशी माझी विनंती आहे.

पदवीदान समारंभासाठी मुली जो अर्ज भरतात, त्यात चार रकाने वाढवावेत. जन्माच्या वेळचं पूर्ण नाव. आज लावत असलेलं नाव. आईचं तिच्या माहेरच्या नावासह पूर्ण नाव. आणि घरातली आणखी कोणी स्त्री या विद्यापीठात शिकली असेल तर ती कोण, तेव्हाचं तिचं नाव आणि अंदाजे वर्ष. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव असतं, पण ते नुसतं पहिलं नाव. ‘सुनंदा’ किंवा ‘शोभा’ एवढ्यावरून कोणाची आई सापडणार? राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घेणं बंधनकारक केलं, त्याचं मी मनापासून स्वागत करते. पण तिथेही आईच्या पाठोपाठ येतं ते वडिलांचं नाव आणि वडिलांचं आडनाव. आईचं माहेर त्यात कुठेच नाही.

हे रकाने ऐच्छिक हवेत, यावर माझा फार भर आहे. आडनावात जात असते, मोडलेलं लग्न असतं, कधी एखादीला मागे टाकायचं असलेलं घर असतं. ज्या मुलीला लिहायचं नाही तिने रकाना कोरा ठेवावा, आणि का ठेवलास असं तिला कोणी विचारू नये.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची. या नोंदीचा प्रवेशाशी काडीचाही संबंध असू नये, म्हणूनच ती प्रवेशाच्या नव्हे, पदवीच्या अर्जात हवी. अमेरिकेतल्या अनेक नामांकित विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप दिलं. परिणाम असा की ज्यांच्या घरात आधीपासून सगळं होतं त्यांनाच आणखी मिळत गेलं. जॉन्स हॉपकिन्सने ही प्रथा बंद केल्याचं २०२० साली जाहीर केलं, आणि कॅलिफोर्नियाने २०२४ साली खासगी विद्यापीठांनाही कायद्याने तिला मनाई केली. आपल्याकडे ती वाट कोणी सुचवली तर मी सर्वात आधी विरोध करीन. ज्या मुलीची आई चौथीत शाळा सोडून मजुरीला गेली, तिचंही हे विद्यापीठ आहे. तिच्या अर्जावरही आईचं माहेरचं नाव पूर्ण लिहिलं जावं. आई पदवीधर नव्हती म्हणून तिची जागा कोरी राहू नये. त्या घराची नोंद तिच्या लेकीपासून सुरू होईल, आणि तीस वर्षांनी तिची नात आली तर तिला आजी मिळेल.

हे सगळं याच विद्यापीठाने करावं असं मला का वाटतं, तेही सांगते. १९१६ साली हे काम सुरू झालं तेव्हा कर्व्यांपुढे जपानच्या महिला विद्यापीठाचा नमुना होता. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. १९२१ साली पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. मातृभाषेतून शिकवायचं आणि घर सांभाळणाऱ्या बाईला घरी अभ्यास करून परीक्षेला बसू द्यायचं, हे दोन निर्णय त्या काळात फार मोठे होते. अशा विद्यापीठानेच आयांची नावं जपावीत.

माझ्या मावशीने तीन मुलं शाळेत जाऊ लागल्यावर बहिःस्थ म्हणून पदवी घेतली. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला ती खडूने इतिहासाच्या सनावळ्या लिहायची. पीठ काढायला दार उघडलं की वाचायची, पाठ झाल्या की पुसून नव्या लिहायची. परीक्षेच्या महिन्यात त्या दाराला कोणी हात लावायचा नाही असा घरात नियम होता, आणि काका तो मुलांपेक्षा जास्त पाळायचे. पुढे तिची मुलगीही आपल्याकडे शिकली. ती तेव्हा अविवाहित, त्यामुळे या मायलेकींचं आडनाव जुळतं. पण मावशी आणि माझी आई सख्ख्या बहिणी आहेत हे मात्र कोणत्याही कागदावरून समजणार नाही, कारण एकीच्या पदवीवर सासर आहे आणि दुसरीच्या पदवीवर माहेर. गुजराती माध्यमातून शिकलेल्या मुंबईच्या घरांतही हेच झालं असणार.

या नोंदींचा उपयोग भावनेपुरता नाही. आई शिकली तर लेक किती पुढे जाते, शिकलेल्या घरात एखादी पिढी मध्येच का गळते, लग्नाने शिक्षण कुठे तुटतं आणि कुठे पुन्हा जोडलं जातं, याचा अभ्यास करायला आपल्याकडे जुना आणि एकसंध आधार आहे. फक्त नावं जोडलेली हवीत. पुढच्या पिढीतल्या संशोधक मुली आपल्याला दुवा देतील.

यासाठी मोठा निधी लागणार नाही. येत्या पदवीदानाच्या अर्जापासून रकाने सुरू करता येतील. जुन्या पदवीधरांसाठी एक साधा छापील तक्ता महाविद्यालयांतून आणि माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यांतून वाटता येईल. ज्यांच्या आज्या हयात आहेत त्यांनी तो आधी भरून घ्यावा, कारण माहेरची नावं सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. आलेले तक्ते जुळवून परस्परनोंदी करण्याचं काम मी विनामोबदला करायला तयार आहे. माझ्याबरोबर शिकलेल्या, आता निवृत्त झालेल्या काही ग्रंथपाल मैत्रिणींनीही होकार दिला आहे. आठवड्यातून दोन दुपारी, चर्चगेटला किंवा जुहूला, आपण म्हणाल तिथे आम्ही येऊ. माझ्या घरच्या तिघींचा तक्ता भरून या पत्रासोबत जोडला आहे.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी