अंगणातल्या छत्र्या : पाहाव्यात, खाऊ नयेत



पावसाने चार दिवस झड लावली की अंगणात, जुन्या निंबाच्या बुंध्यापाशी रातोरात पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. कोणी भूछत्र म्हणते, कोणी कुत्र्याची छत्री. मागच्या पावसाळ्यात भुसावळला शेजारच्या क्वार्टरपुढे अशाच ताटलीएवढ्या छत्र्या आल्या. मुलांनी त्या टोपलीभर खुडल्या. घरातल्या आजी सातपुड्याच्या पायथ्याच्या. वारुळावरची अळंबी त्यांनी लहानपणी खाल्लेली. त्या म्हणाल्या, "लसूण टाकून शिजवा. लसूण काळा पडला नाही तर खुशाल खा." सुनेला शंका आली, म्हणून ती विचारायला आली. भाजी चुलीवर चढली नाही.

आजी खोटे बोलत नव्हत्या. वारुळावरची अळंबी माणसे पिढ्यान्‌पिढ्या खात आली. पण अंगणातली छत्री तीच नव्हे. लसूण, चांदीचा रुपया, किडे लागले की नाही, यांपैकी एकाही परीक्षेने विष कळत नाही. शिजवल्याने जीवघेणे विष जातही नाही.

गवतात येणारी एक मोठी विषारी छत्री अशी असते : टोपी पांढरी, 10 ते 25 सेंटिमीटर रुंद, वर तपकिरी खवले, दांड्याला कडे. टोपी पांढऱ्या कागदावर ठेवून रात्रभर वाटीने झाकली तर हिरवट भुकटी पडते. शास्त्रज्ञ तिला क्लोरोफायलम म्हणतात. मात्र भुकटी पांढरी पडली म्हणून निर्धास्त होऊ नका. अतिविषारी अमानिटाची भुकटी पांढरीच असते.

छत्रीला घाबरण्याचे मात्र कारण नाही. हात लागल्याने विष चढत नाही. मातीत गाडलेले लाकूड, वाळलेली मुळे, शेण यांचे ती खत करते. तिचे पांढरे तंतू जमिनीखाली असतात. म्हणून उपटली तरी ती पुन्हा येते. औषध फवारण्यात पैसे घालवू नका. घरात रांगते मूल किंवा दारात शेळी असेल तर रोज सकाळी छत्र्या काढून खड्ड्यात पुरा आणि हात धुवा. कुजके लाकूड खणून काढले की त्या कमी होतात.

कोणी खाल्लीच, तर भाजी कोणी रांधली यावर भांडत बसू नका. बोलणी बसतील या भीतीने बाई गप्प राहते आणि वेळ जातो. मीठपाणी पाजू नका. 108 वर फोन करा, नाहीतर धुळ्याचे किंवा जळगावचे शासकीय रुग्णालय गाठा. उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या. क्लोरोफायलमने 1 ते 3 तासांत उलट्या-जुलाब होतात. अमानिटाचा त्रास 6 तासांनंतर सुरू होतो, मग एखादा दिवस बरे वाटते, आणि पुढे यकृत निकामी होते. तेव्हा उलट्या थांबल्या म्हणून माणसाला घरी ठेवू नका.

अळंबी खावीशी वाटली तर लागवडीची ढिंगरी विकत आणा. अंगणातली छत्री मुलांना दाखवा, समजावून सांगा. ताटात मात्र येऊ देऊ नका.