बीसीडीची निगा : सागरी सुरक्षिततेतील दुर्लक्षित दुवा

पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगचा हंगाम सुरू होतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा साहजिकच बोटींची क्षमता आणि लाइफ जॅकेट यांवर चर्चा झाली. परंतु पाण्याखाली उतरलेल्या माणसाचा तोल ज्या साधनावर अवलंबून असतो, त्या ‘बीसीडी’च्या निगेचा प्रश्न क्वचितच चर्चेत येतो.

बीसीडी, म्हणजेच ब्युऑयन्सी कंट्रोल डिव्हाइस, हे जाकिटासारखे अंगावर चढवायचे साधन. त्यात हवेची पिशवी असते. सिलिंडरकडून आलेली नळी इन्फ्लेटरला जोडलेली असते. त्याचे एक बटण हवा भरते, दुसरे सोडते. खांद्यावर व मागच्या बाजूस हवा सोडण्याच्या झडपा असतात. रचना साधी आहे; पण खारे पाणी तिचा शत्रू आहे.

इन्फ्लेटरच्या झडपेत मिठाचे खडे साचले की बटण दाबलेल्या स्थितीतच अडकू शकते. मग जाकिटात आपोआप हवा भरत राहते आणि पाणबुड्या वेगाने वर फेकला जातो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथील एक लिटर हवा वर येईतो दोन लिटर होते. घाबरून श्वास रोखला, तर हाच नियम फुप्फुसांनाही लागू होतो. फुप्फुस फाटून हवा रक्तात शिरू शकते, आणि त्यासाठी फार खोलीही लागत नाही. अशा वेळी नळी तत्काळ इन्फ्लेटरपासून सोडवणे, झडपेची दोरी ओढून हवा सोडणे आणि श्वास चालू ठेवणे हाच उपाय. नवख्या पर्यटकाला हे सुचणे कठीण. म्हणून जबाबदारी व्यावसायिकाची.

अमेरिकेतील ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’च्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घटनांत दुर्घटनेची सुरुवात कशाने झाली हे निश्चित करता आले, त्यांपैकी ४१ टक्के घटनांत सिलिंडरमधील हवा अपुरी पडली होती, तर १५ टक्के घटनांत उपकरणांशी निगडित अडचणी होत्या. हे प्रमाण नगण्य म्हणता येणार नाही.

वास्तविक, निगा खर्चिक नाही. दिवसाचे काम संपल्यावर जाकीट गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे, आतील पाणी काढून टाकावे आणि थोडी हवा भरून सावलीत वाळवावे. पूर्ण फुगवून रात्रभर ठेवल्यास गळती कळते. पाण्यात बुडवल्यास बुडबुडे तिची जागा दाखवतात. झडपेत वाळूचा कण अडकला असेल, तर धुण्यानेच काम भागते. इन्फ्लेटर मात्र वर्षातून एकदा प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून उघडून घ्यावा. चिकटणाऱ्या बटणावर वंगण ओतून वेळ मारून नेणे धोक्याचे.

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जलपर्यटन बंद असते. याच काळात दमट खोलीत पडून राहिलेली साधने पहिल्या गर्दीच्या दिवशी थेट पाण्यात उतरणार असतील, तर बंदीचे महिने वाया गेले असेच म्हणावे लागेल. प्रत्येक बीसीडीला क्रमांक देऊन तपासणीची नोंदवही ठेवली आणि ती हंगामाच्या आरंभी पाहिली गेली, तर बोटींबरोबरच पाण्याखालील सुरक्षिततेचाही हिशेब मागता येईल.