🍇 वाइन द्राक्ष लावायचं? आधी खड्डा, मग करार



स्पेनच्या रिओहा भागातल्या बागांचा व्हिडिओ ग्रुपवर आल्यापासून विचारणा होतेय, "तिकडंही चुनखडीचीच जमीन, मग टेम्प्रानिल्यो आपल्याकडं का नको?" माझं मत, विंचूरच्या भारी काळ्या रानात नको.

चुनखडी दोन्हीकडं आहे, पण तिकडं बागा बऱ्याचशा उतारावर, पाणी मुळाशी थांबत नाही. आपल्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं, त्यात चुनखडी जास्त असली की लोह लागू होत नाही, शेंडा पिवळा पडतो. थॉमसनमध्ये हे आपण बघतोच. दिंडोरी, गंगापूर धरणाकडच्या मुरमाड उतारावर वाइन द्राक्ष जमलं ते उगाच नाही.

हवामानही वेगळं. तिकडं वेल थंडीत पानं गाळून झोपतो, छाटणी वर्षातून एकदा, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपला वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. माल पिकतो तेव्हा ऊन चढत असतं. साखर भराभर वाढते, आम्लता उतरते, तोडणीला मोजके दिवस मिळतात, तेही पहाटेच.

आता टनाचा हिशोब. रिओहात लाल वाइनच्या द्राक्षाला हेक्टरी साडेसहा टनांची मर्यादा नियमानंच आहे, म्हणजे एकरी पावणेतीन टनांच्याही आत! इथं मण्याची फुगवण नको, उलट मणी बारीक हवा. रंग सालीत असतो. जीएचा खर्च वाचतो हे खरं, पण खाण्याच्या द्राक्षाचं टनेज डोक्यात ठेवून गणित मांडू नका.

सगळ्यात मोठी भीती विक्रीची. सोनाका व्यापाऱ्यानं नाकारला तर बेदाणा करता येतो. बारीक, बियांचा वाइनचा माल वाइनरीनं नाकारला की दुसरं गिऱ्हाईक नाही. २००१च्या धोरणानंतर आपल्याकडं वाइन पार्क झालं, लागवडी वाढल्या. २००८च्या मंदीनंतर माल पडून राहिला अन् जिल्ह्यात कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. जुन्या मंडळींना विचारा.

तरीही ज्यांचं रान मुरमाड, उताराचं आहे त्यांनी अर्ध्या एकरावर जरूर बघावं. आधी तीन फूट खड्डा घ्या, मातीचा नमुना ऑफिसला द्या, मुक्त चुना तपासून घेऊ. वाइनरीशी लेखी करार करा, त्यात दर, ब्रिक्स आणि माल उचलायची मुदत हवीच. सही करायच्या आधी कागद मला दाखवा.

– आपला कृषी सल्लागार